गॅरेजमधला पिनबॉल आणि अम्मीचा सवाल

२०२५ च्या मे महिन्यात अम्मी रत्नागिरीहून आमच्याकडे राहायला आली आणि त्याच आठवड्यात आमच्या गॅरेजमध्ये एक जुनं पिनबॉल यंत्र येऊन पडलं. आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. बंद पडलेल्या एका बोलिंग अ‍ॅलीच्या तळघरात ते कित्येक वर्षं धूळ खात होतं. मालकाला जागा मोकळी करायची होती, मला सुट्टीत मुलांना फोनपासून दूर ठेवायचं होतं, आणि सौदा स्वस्तात जमला. शंभर किलोंहून जड असलेलं ते धूड आम्ही चौघांनी मिळून व्हॅनमधून उतरवलं. मागची काच पुसली तशी चित्रं वर आली: राजा, राणी, गुलाम, एक्का. नाव 'रॉयल फ्लश'.

अम्मी दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "हे पत्त्यांचं काय आहे?"

मी म्हटलं, "खेळ आहे, अम्मी. गोळी उडवायची."

"आणि नावाचा अर्थ काय?"

इथे मी अडकलो. रॉयल फ्लश म्हणजे पोकरमधला सगळ्यात मोठा हात. चौदा वर्षांच्या माझ्या लेकीने तो प्रामाणिकपणे सांगून टाकला. अम्मी काही बोलली नाही, आत गेली. रात्री इशाच्या नमाजनंतर मला जवळ बसवून म्हणाली, "जुगाराचं यंत्र तू मुलांच्या हातात देतोस. आपल्या घरात काय झालं ते विसरलास?"

विसरलो नव्हतो. माझ्या चुलतभावाचा मुलगा, आयटीआयमधून वायरमन झालेला, हाताने हुशार. मोबाईलवरच्या रमीच्या नादाला लागला. आधी शे-दोनशे, मग पगार, मग उसनवारी. शेवटी चुलतभावाला हापूसची बाग विकावी लागली. आमच्या आजोबांनी कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून लावलेली कलमं होती ती. त्यानंतर पोरगा घरात कुणाशी धड बोलेनासा झाला होता. अम्मीच्या नजरेत ती बाग होती, आणि तिच्यासमोर पत्त्यांची चित्रं रंगवलेलं, नाणं टाकायची फट असलेलं एक यंत्र होतं. तिला अडाणी म्हणायची माझी हिंमत नव्हती.

मी एवढंच म्हटलं, "मला थोडा वेळ दे. हे यंत्र काय आहे ते मी वाचून काढतो. जुगार निघाला तर परत देऊन टाकीन."

"वाच," ती म्हणाली. "पण मला एकच गोष्ट सांग. यात हरणाऱ्याचं काय जातं?"

तेव्हा हा सवाल मला साधा वाटला. पुढचे काही आठवडे रात्री पिनबॉलचा इतिहास वाचत बसलो, तेव्हा कळलं की अमेरिकेतली शहरं, न्यायालयं आणि महापौर याच यंत्रावर तीसेक वर्षं भांडत होते, आणि त्यातल्या बहुतेकांनी हा सवाल विचारलाच नव्हता. ते दुसऱ्याच प्रश्नावर अडून बसले होते: हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा?

या खेळाचा पूर्वज आपल्याला चांगला माहीत आहे. रत्नागिरीत माझ्या लहानपणी ईदीच्या पैशांतून घेतलेला एक बगाटेलचा बोर्ड आमच्या घरात होता. लाकडी फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, खिळ्यांच्या कोंडाळ्यात लिहिलेले आकडे, आणि उजव्या बाजूला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की लोखंडी छर्रा वर जाऊन खिळ्यांतून ठेचकाळत खाली येई. तुमच्यापैकी अनेकांनी तो खेळला असेल. या 'बगाटेल'चं मूळ अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये आहे. सोळाव्या लुईच्या धाकट्या भावाने १७७७ मध्ये पॅरिसजवळ 'बगातेल' नावाची हवेली बांधली आणि तिथल्या मेजवानीत हा खेळ मांडला गेला, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. शब्दाचा अर्थ मात्र 'क्षुल्लक गोष्ट'. आधी या खेळात बिलियर्डसारख्या काठीने चेंडू ढकलत. १८७१ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात राहणाऱ्या माँटेग्यू रेडग्रेव्ह या मूळच्या इंग्रज माणसाने बगाटेलमधल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. त्यात स्प्रिंगचा दांडा होता. रत्नागिरीच्या माझ्या बोर्डावरचा दांडा तिथून आलेला.

पुढचा टप्पा १९३१ चा. अमेरिकेत महामंदी सुरू होती. शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबने 'बॅफल बॉल' नावाचं टेबलावर ठेवायचं छोटं यंत्र बाजारात आणलं. किंमत साडेसतरा डॉलर. वीज नाही, दिवे नाहीत. एक सेंट टाकला की पाच ते सात गोळ्या मिळायच्या. हाताला काम नसलेल्या माणसाला एका सेंटमध्ये काही मिनिटं दुःख विसरता यायची. पन्नास हजारांहून जास्त यंत्रं विकली गेली. गॉटलीबची यंत्रं विकणाऱ्या रेमंड मलोनीला पुरेसा माल मिळेना, म्हणून १९३२ मध्ये त्याने स्वतःचं 'बॅलीहू' काढलं आणि त्यातून 'बॅली' कंपनी उभी राहिली. पुढे हॅरी विल्यम्सची कंपनीही शिकागोतच आली. या धंद्याची राजधानी शिकागो झाली ती अशी. आमचं यंत्र १९७६ चं, गॉटलीबचं. तेव्हा त्यांचा कारखाना नॉर्थलेक या उपनगरात होता, आमच्या घरापासून गाडीने जेमतेम वीस मिनिटांवर. म्हणजे पन्नास वर्षांनी यंत्र जवळपास माहेरीच आलं होतं.

पण या सुरुवातीच्या यंत्रांत एक गोष्ट नव्हती. गोळी एकदा सोडली की तिच्यावर खेळणाऱ्याचा ताबा नव्हता. फार तर यंत्राला ढुशी द्यायची. लोक इतक्या ढुशा देऊ लागले की हॅरी विल्यम्सने त्याच्यावर उपाय काढला. यंत्र जास्त हललं की डाव बाद, त्यालाच 'टिल्ट' म्हणतात. बाकी सगळं खिळ्यांच्या मर्जीवर. तिशीच्या दशकात काही कारखानदारांनी नशिबाच्या या खेळाला थेट पैसे देणारा खण जोडला. ज्या यंत्रांत असा खण नव्हता, त्यांच्यावरही दुकानदार काउंटरखालून बक्षिसं देऊ लागले. आता हा जुगारच होता. धंद्यात गुंड शिरले, पोलिसांचे हप्ते सुरू झाले.

२१ जानेवारी १९४२ ला न्यूयॉर्कमध्ये पिनबॉलवर बंदी आली. महापौर होते फिओरेलो ला गार्डिया. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते, लढाईला धातू हवा होता. पोलिसांनी धाडी घालून हजारो यंत्रं उचलली. महापौर स्वतः घण घेऊन यंत्र फोडतानाचे फोटो आजही बघायला मिळतात. त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की ही यंत्रं शाळेतल्या मुलांच्या खिशातले, डब्यासाठी दिलेले पैसे लुटतात. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही. हा महापौर आणि माझी अम्मी एकाच बाजूला उभे होते.

लॉस एंजेलिसमध्येही बंदी होती. आणि गंमत अशी की शिकागोतही होती. ज्या शहरात ही यंत्रं बनत होती त्या शहरात ती खेळणं बेकायदा होतं. कामगार सकाळी कारखान्यात यंत्र जोडायचे, तपासायला खेळून बघायचे, आणि संध्याकाळी घराजवळच्या दुकानात तेच यंत्र ठेवणं गुन्हा. ही बंदी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली.

एवढं वाचून झाल्यावर मी अम्मीला म्हटलं, "तू म्हणतेस ते खरं आहे. याच्या खानदानात जुगार आहे."

ती म्हणाली, "मग?"

"खानदानात आहे म्हणजे यंत्रात आहेच असं नाही. उघडून बघू."

तिने मुलांना हात लावायची परवानगी दिली, ती उघडून बघण्यापुरती. चालू करायचं की नाही ते नंतर ठरणार होतं.

मी घातलेला पहिला नियम हा की प्लग माझ्या खिशात राहील. भिंतीतला करंट एकशे वीस व्होल्टचा. आतल्या कॉइलना ट्रान्सफॉर्मर तो चोवीसच्या आसपास आणून देतो आणि दिव्यांना सहाच्या आसपास, पण ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडचा करंट मुलांच्या बोटांना कळत नाही. प्लग काढलेला दिसल्याशिवाय कुणी आत हात घालायचा नाही. दहा वर्षांचा धाकटा रोज येऊन आधी माझा खिसा चाचपायचा, मग स्क्रू ड्रायव्हर उचलायचा.

काच सरकवून काढली, बोर्ड वर उचलून टेकूवर ठेवला, आणि मुलं गप्प झाली. वरून राजा-राणी आणि रंगीत टोप्या दिसतात. खाली रंगीत वायरींच्या जुड्या, तांब्याच्या तारेची रिळं, पितळी-पोलादी पट्ट्यांचे गठ्ठे. कुठेही चिप नाही, प्रोग्रॅम नाही, पडदा नाही. लेकीने विचारलं, "मग याला गुण लक्षात कसे राहतात?" उत्तर डोळ्यांसमोर होतं. गोळी आपटली की दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, कॉइलमध्ये करंट जातो, ती लोखंडी दांडा खेचते, आणि आकड्यांचं चाक एक घर पुढे सरकतं. चाक जिथे थांबलं तीच आठवण. चाक नवावरून शून्यावर जाताना शेजारच्या चाकाला एक टोला मिळतो. धाकटा ओरडला, "दादी, हे बघ, हातचा एक!" शाळेत त्याला कागदावर न कळलेला हातचा इथे खटकन वाजून पुढे जात होता. अम्मी खुर्ची ओढून बसली. त्या दिवसापासून तिची तसबी आणि आमची पक्कड एकाच गॅरेजमध्ये चालू लागली.

काम कंटाळवाणं होतं, हेही सांगायला हवं. यंत्र दुरुस्त करायचं म्हणजे नव्वद टक्के वेळ पुसायचं. पन्नास वर्षांपूर्वीचं वंगण मेणासारखं घट्ट होऊन फिरणारे भाग चिकटवून टाकतं. ते स्पिरिटने काढायचं आणि परत तेल घालायचा मोह टाळायचा, कारण बहुतेक भाग कोरडेच चालावेत असे बनवलेले आहेत. पट्ट्यांच्या टोकांवर काजळी धरलेली. ते पॉइंट बारीक कानशीने हलकेच घासायचे, जोर दिला तर पट्टी वाकते आणि नवीन दुखणं सुरू होतं. तडकलेली रबरी कडी काढून नवी घालायची. बोर्डावर मेण लावून तो हाताने चकाकवायचा. काचेच्या मागच्या बाजूचा रंग काही ठिकाणी पोपडे धरून सुटला होता. लेकीला तो रंगवायचा होता. मी म्हटलं, गेलं ते गेलं, आपण फक्त आणखी जाऊ द्यायचं नाही. जुनी वस्तू दुरुस्त करताना कुठे हात लावायचा नाही हे शिकायला मला स्वतःला बराच वेळ लागला आहे.

टिल्टचा लंबक धाकट्याला सापडला. कडीच्या मधोमध लोंबकळणारं छोटं वजन. यंत्राला थोडी ढुशी दिली तर वजन नुसतं हलतं, जास्त दिली तर कडीला टेकतं आणि डाव संपतो. वजन वर-खाली करून ठरवता येतं की किती ढुशी माफ. त्याने विचारलं, "म्हणजे थोडी चीटिंग चालते?" अम्मी म्हणाली, "चीटिंग नाही रे. हद्द आहे ती. हद्दीच्या आत सगळं चालतं."

आणि मग खालच्या टोकाला असलेल्या दोन पट्ट्या. फ्लिपर. माझ्या वाचनात सगळं वळण इथे आलं. १९४७ मध्ये गॉटलीबच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात हॅरी मॅब्स या रचनाकाराने पहिल्यांदा विजेवर चालणारे फ्लिपर बसवले. एकूण सहा, दोन्ही बाजूंना तीन-तीन. बाजूचं बटण दाबलं की पट्टी उसळते आणि पडत आलेली गोळी परत वर जाते. दुसऱ्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक याने 'ट्रिपल अ‍ॅक्शन' या यंत्रात फक्त दोन फ्लिपर, तेही खालच्या तोंडाशी ठेवले. आजची यंत्रंही मुख्यतः त्याच मांडणीवर चालतात. मुद्दा असा की १९४२ मध्ये न्यूयॉर्कने ज्या यंत्रावर बंदी घातली त्याला फ्लिपर नव्हता. पाच वर्षांनी खेळणाऱ्याचा हात खेळात आला, पण कायदा जागच्या जागी राहिला. बंदी आता नाव तेच आणि काम निराळं असलेल्या यंत्रावर चालत राहिली.

कारखानदारही कायद्याला वळसे घालत होते. जास्त गुण केल्यावर फुकट डाव मिळतो, तोही काही राज्यांत 'मोलाची वस्तू' म्हणजे बक्षीस धरला जाई. म्हणून १९६० मध्ये गॉटलीबने फुकट डावाऐवजी चालू डावातच जास्तीची गोळी देणारं यंत्र काढलं. हे वाचून मला आपल्याकडचे हीले आठवले. माणूस कुठलाही असो, हद्दीला खेटून चालायची सवय सारखीच.

जूनच्या शेवटी आम्ही पहिल्यांदा प्लग लावला. दिवे लागले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुरू करायचं बटण दाबलं, आतली मोटर घरघरली, चार खेळाडूंची सगळी चाकं टकटक करत शून्यावर आली, आणि मोटर थांबेचना. घरघर, घरघर. प्लग काढला, लावला, पुन्हा तेच. तीन संध्याकाळी गेल्या. यंत्राबरोबर आलेला सर्किटचा भलामोठा कागद आम्ही जमिनीवर पसरला. एखाद्या घराण्याच्या शजऱ्यासारखा तो दिसत होता. कोण कुणापासून निघालं आणि कुठे जाऊन मिळालं, काही समजेना.

चौथ्या दिवशी अम्मी म्हणाली, "त्याला विचार ना."

"कुणाला?"

"तुझ्या पुतण्याला. वायरमन आहे तो. हात चांगला आहे त्याचा."

मी अम्मीकडे बघतच राहिलो. लेकीने कागदाचे फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे, म्हणजे त्याच्या दुपारी, मेसेज आला. त्याने असं यंत्र आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण रिले त्याला माहीत होते. त्याने लिहिलं होतं: सगळी चाकं शून्यावर आहेत हे तुमच्या डोळ्यांना दिसतंय, पण ते मोटरला दिसतंय का, ते बघा. एकेक चाक तपासा.

लेक मीटर घेऊन बसली. प्रत्येक चाकाला शून्याची वर्दी देणाऱ्या बारीक पट्ट्या असतात. चाक शून्यावर आलं की त्या एकमेकींपासून सुटायला हव्यात. तिसऱ्या खेळाडूच्या एका चाकावरची पट्टी केसभर वाकली होती. चाक स्वतः थांबलं होतं, पण थांबल्याची वर्दी पुढे जात नव्हती. तिने पट्टी किंचित मागे घेतली. मी प्लग लावला. घरघर सुरू झाली, चाकं फिरली, आणि मोटर थांबली. गोळी खटकन बाहेर आली. त्या शांततेत सगळ्यात आधी अम्मी "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाली आणि मग तिलाच हसू आलं, कारण परवानगी अजून तिने दिली नव्हती.

त्या रात्री मी तिला न्यूयॉर्कची पुढची गोष्ट सांगितली. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसची बंदी रद्द केली. हा खेळ मुख्यतः कौशल्याचा आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. मग १९७६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेच्या समितीपुढे रॉजर शार्प हा तरुण पत्रकार साक्षीला उभा राहिला. सभागृहात दोन यंत्रं आणली होती, एक मुख्य आणि एक राखीव. एका सदस्याला शंका आली की मुख्य यंत्रात काही लबाडी असेल, म्हणून त्याने राखीव यंत्रावर खेळायला लावलं. शार्प कोणता मारा करणार ते आधी सांगून खेळू लागला. शेवटी त्याने सांगितलं की मी दांडा इतका ओढीन की गोळी वरच्या मधल्या वाटेतून जाईल. दांडा सोडला, गोळी मधल्याच वाटेतून गेली. समितीने सहा विरुद्ध शून्य मतांनी बंदी उठवायचं ठरवलं. चौतीस वर्षांची बंदी एका गोळीवर निकालात निघाली.

स्वतः शार्पने पुढे अनेकदा सांगितलं आहे की त्या माऱ्यात नशिबाचाही वाटा होता. मला हे फार आवडलं. ज्या क्षणी कौशल्य सिद्ध झालं, त्याच क्षणी नशिबानेही हात दिला होता.

अम्मीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या पोरालाही कंपनीवाल्यांनी हेच सांगितलं होतं. रमी कौशल्याची आहे म्हणून."

आणि ते खोटं नाही. ब्रिटिशांनी १८८७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी जुगारबंदीचा कायदा केला, त्यात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. पत्ते लक्षात ठेवावे लागतात, जुळवावे लागतात. म्हणजे न्यूयॉर्कने ज्या कसोटीवर पिनबॉल सोडला, त्याच कसोटीवर रमीही सुटते. पण बाग तर गेलीच ना.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. मी मुफ्ती नाही, फतवा द्यायचा मला हक्क नाही, पण आपल्या फिकहच्या किताबांत या वादाचं जुनं रूप सापडतं. नर्द म्हणजे फाशांचा खेळ, तो हदीसच्या आधाराने मना आहे. शतरंजबद्दल शाफई उलेमांनी वेगळा विचार केला. त्यात हिशोब आणि फिक्र लागते, म्हणून त्याला हराम न म्हणता मकरूह म्हटलं. नंतरच्या शाफई फकीहांनी त्यातून कायदाही काढला की जो खेळ हिशोब आणि विचारावर उभा आहे तो एकीकडे, जो नुसत्या अंदाजावर उभा आहे तो दुसरीकडे. नशीब की कौशल्य, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या कितीतरी शतकं आधी विचारला गेला होता. पण तिथेच एक अट जोडलेली आहे: शतरंजवरही पैसा लावला, किंवा तिच्यापायी नमाज चुकली, तर तीही हराम. कौशल्याने पैज हलाल होत नाही. सूरह अल-माइदामध्ये मैसिरला मना करताना जी कारणं दिली आहेत, ती आपसातलं वैर, द्वेष आणि अल्लाहच्या आठवणीपासून दूर जाणं ही आहेत. खेळणारा हुशार आहे की नाही, हे तिथे विचारलेलं नाही. माणसामाणसांत काय होतं, ते विचारलेलं आहे.

अम्मीचा पहिल्या रात्रीचा सवाल तोच होता. हरणाऱ्याचं काय जातं?

मी तिला यंत्राजवळ नेलं आणि खरं खरं दाखवलं. नाण्याची फट आहे. जास्त गुण झाले की फुकट डाव मिळतो. आणि डाव संपला की शेवटी एक आकडा आपोआप उजळतो. तो तुमच्या गुणांच्या शेवटच्या आकड्यांशी जुळला तर ठक्कन आवाज होतो आणि आणखी एक डाव फुकट मिळतो. याला 'मॅच' म्हणतात. यात तुमच्या हाताचं काहीच नाही, निव्वळ नशीब. हरलेल्या माणसाला आणखी एक नाणं टाकायला लावणारं गाजर ते.

अम्मीने तीन अटी घातल्या. फटीत नाणं जाणार नाही. ते आकडा जुळवणं बंद करायचं. अजान झाली की यंत्र बंद. पहिल्या अटीसाठी आम्ही नाण्याचा पॉइंट बाहेरच्या एका बटणाला जोडला. दुसरीसाठी लेकीने कागदावर ती वायर शोधली, एका टोकाला सोडवली, टेप गुंडाळली आणि चिठ्ठी बांधली, म्हणजे पुढे कुणाला यंत्र मूळ रूपात हवं असेल तर जोडता यावी. इतिहास पुसायचा नव्हता, फक्त आपल्या घरापुरता त्याचा एक धागा बाजूला करायचा होता. तिसरीसाठी फोनवरची अजान पुरे आहे.

ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात पैसे लावायचा ऑनलाइन खेळ नशिबाचा असो वा कौशल्याचा, दोन्ही सारखेच धरले आहेत. बातमी ऐकून अम्मी म्हणाली, "आता कळलं होय यांना!" हा कायदा कसा राबेल, न्यायालयात त्याचं काय होईल, ते होईल. पण निदान प्रश्न तरी बदलला आहे. ला गार्डियांनीही सुरुवात याच प्रश्नापासून केली होती, मुलांच्या डब्याच्या पैशांपासून. चुकलं ते हे की त्यांनी पैसा सोडून यंत्रावर घण घातला.

नोव्हेंबरमध्ये अम्मी परत गेली. बाग परत आलेली नाही, येणारही नाही. कर्जाचा काही भाग अजून बाकी आहे. पुतण्या आता लेकीला अधूनमधून मेसेज करतो, बहुतेक वेळा यंत्राबद्दलच. चौथ्या खेळाडूचं एक चाक अजून अडकतं, त्याच्यावर दोघांचं काम चालू आहे. मागच्या महिन्यात त्याने मला फोन केला. खूप दिवसांनी त्याने स्वतःहून केलेला फोन. बोलता बोलता विचारलं, "काका, ते यंत्र चालवायला पैसे लागतात?"

मी म्हटलं, "नाही रे. बटण दाबायचं."

"आणि हरलं तर?"

"हरलं तर गोळी खाली जाते. परत बटण दाबायचं."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एकदा यायला पाहिजे खेळायला."

इन्शाअल्लाह, येईल.